हाल्वत्रेद्स म्हणजे अडीच विसा: डॅनिश पन्नासची फोड

प्रश्न असा आलाय: डॅनिशमध्ये साठला 'त्रेस' म्हणतात, 'हाल्व' म्हणजे अर्धा, मग 'हाल्वत्रेद्स' म्हणजे अर्धे साठ, म्हणजे तीस व्हायला पाहिजेत, तर त्याचा अर्थ पन्नास कसा? आणि मुळात हा शब्द बनला कसा?

मी इथे डेन्मार्कमध्ये नव्याने आलेल्या लोकांना डॅनिश शिकवते, त्यात आपली मराठी मंडळी पण असतात, आणि आकडे आले की हा प्रश्न येतोच. उत्तर जरा सविस्तर देते, कारण माझं ठाम मत आहे की हा शब्द जगात मराठी माणसाइतका सहज फार कमी लोकांना समजू शकतो, आणि तरी आपण तो इंग्रजीतून समजून घ्यायला जातो आणि अडकतो. (डॅनिश शब्द मी साधारण स्पेलिंगप्रमाणे लिहितेय, बोलताना त्यातली निम्मी अक्षरं गिळली जातात. 'हाल्वत्रेद्स' कानाला 'हॅलत्रेस' असंच ऐकू येतं.)

आधी फोड करू. गडबड तिथेच होते. तुम्ही शब्द तोडलात हाल्व + त्रेस असा. ऐकायला अगदी तसाच वाटतो, म्हणून चूक तुमची नाही, खुद्द डॅनिश लोकांनाही विचारलं तर बरेच जण खांदे उडवतात. पण लिहिताना बघा, 'त्रेस' मध्ये द नाहीये आणि 'हाल्वत्रेद्स' मध्ये आहे. तो द मुका आहे, उच्चारात येत नाही, पण सगळा पुरावा त्याच्यातच आहे. कारण तो 'त्रेद्ये' मधला द आहे, आणि 'त्रेद्ये' म्हणजे तिसरा. पूर्ण शब्द आहे 'हाल्वत्रेद्सिन्द्स्त्यूवे', आणि त्याचे तुकडे असे: हाल्वत्रेद्ये, मग सिंदे, मग त्यूवे. त्यूवे म्हणजे वीस. सिंदे म्हणजे वेळा, पट. आणि हाल्वत्रेद्ये म्हणजे 'अर्धा तिसरा', अर्थात दोन पूर्ण झालेत आणि तिसऱ्याचा अर्धा झालाय, म्हणजेच अडीच. अडीच वेळा वीस. पन्नास.

एकदा हे बसलं की बाकीचे आपोआप बसतात. त्रेस हा 'त्रेसिन्द्स्त्यूवे' चा तुकडा, तीन वेळा वीस, साठ. हाल्वफ्येर्द्स म्हणजे 'अर्धा चौथा' वेळा वीस, साडेतीन विसा, सत्तर. फिर्स म्हणजे चार वेळा वीस, ऐंशी. हाल्वफेम्स म्हणजे 'अर्धा पाचवा' वेळा वीस, साडेचार विसा, नव्वद. म्हणजे ५० ते ९० पर्यंत एकच पट्टी चालते: अडीच, तीन, साडेतीन, चार, साडेचार, आणि सगळ्याच्या मागे न उच्चारलेलं 'विसा'. आणि शेवटी तो जो स उरलाय ना सगळ्यांना, त्रेस, फिर्स, हाल्वफेम्स, तो अनेकवचनाचा वगैरे अजिबात नाही, तो 'सिंदे' या शब्दाचं पहिलं अक्षर आहे. 'सिन्द्स्त्यूवे' एवढं मोठं शेपूट बोलता बोलता गळून गेलं आणि फक्त स चिकटून राहिला.

ते शेपूट कुठेच उरलं नाही असं मात्र नाही. पन्नासावा म्हणायचं झालं तर आजही डॅनिशमध्ये पूर्ण शब्द म्हणावा लागतो, 'हाल्वत्रेद्सिन्द्स्त्यूवेन्दे'. साठावा 'त्रेसिन्द्स्त्यूवेन्दे'. छोटं रूप तिथे चालतच नाही. म्हणजे कुणी 'पन्नासावा' म्हणालं की मध्ययुगातला अख्खा गुणाकार तोंडातून बाहेर पडतो, आणि म्हणणाऱ्याला त्याची जाणीवही नसते. 'सिंदे' सुद्धा एकटा आता कुणी वापरत नाही, पण 'नोगेनसिंदे' म्हणजे 'कधीतरी, कधीही' आणि 'इंगेनसिंदे' म्हणजे 'कधीच नाही' या शब्दांत तो बसलेला आहे. जुन्या नॉर्समध्ये, म्हणजे डॅनिशच्या पूर्वज भाषेत, तो 'सिन्न' होता, खेप किंवा वेळ या अर्थाने.

आता आपल्याकडे येऊ, कारण इथे खरी मजा आहे आणि हे मी वर्गात सांगते तेव्हा मराठी मुलांचे चेहरे बघण्यासारखे होतात.

अडीच हा शब्द कुठून आला? संस्कृत 'अर्धतृतीय'. अर्धा तिसरा. अक्षरशः हाल्वत्रेद्ये. प्राकृतात त्याचं 'अड्ढाइज्ज' झालं, आणि त्यातून आपलं अडीच. साडेतीनला जुन्या मराठीत 'औट' म्हणत, संतांच्या वाङ्मयात माणसाच्या शरीराला 'औट हात देह' म्हटलंय तो हाच औट, आणि तो आला 'अर्धचतुर्थ' वरून, प्राकृतात 'अद्धुट्ठ'. अर्धा चौथा. हाल्वफ्येर्दे. दीड आला 'द्व्यर्ध' वरून, इथे तुकड्यांचा क्रम उलटा आहे, दोन आधी आणि अर्धा नंतर, पण हिशोब तोच, की दुसरा अर्धाच आहे. आणि डॅनिशमध्ये दीडला म्हणतात 'हाल्वआनेन', अर्धा दुसरा. हा शब्द आजही रोजच्या वापरात आहे, दीड तास म्हणायचं तर 'हाल्वआनेन तीमे', दीड वर्ष म्हणायचं तर 'हाल्वआनेत ओर', वर्ष हा शब्द नपुंसकलिंगी म्हणून शेवट बदलतो एवढंच.

ज्यांच्या घरात आजोबा-पणजोबा जुन्या पद्धतीने पाढे शिकलेले आहेत त्यांना पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी ही नावं ऐकून माहीत असतील. तर डॅनिश पन्नास म्हणजे अडीचकीतला वीसचा घर, आणि डॅनिश सत्तर म्हणजे औटकीतला वीसचा घर. नव्वदसाठी आपल्या पाढ्यांत नाव नाही पण हिंदी पट्ट्यात साडेचारच्या पाढ्याला ढौंचा म्हणतात तो आहे, आणि त्याच्याही पोटात अर्धा पाचवाच आहे.

इथे एक फरक नीट लक्षात घ्या, नाहीतर गोंधळ होईल. मराठीत अर्ध्याचे दोन हिशोब शेजारी शेजारी राहतात. दीड, अडीच आणि औट हे वरच्या आकड्याकडे बघून मोजतात, की तिसरा चालू आहे आणि अर्धा झालाय. 'साडे' मात्र 'सार्ध' वरून आलाय, स + अर्ध, अर्ध्यासकट, म्हणजे साडेतीन म्हणजे तीन आणि त्यासोबत अर्धा. हा खालच्या आकड्यात भर घालणारा हिशोब. आपण औट सोडला आणि साडेतीन घेतला, म्हणजे एका हिशोबातून दुसऱ्यात गेलो, पण दीड आणि अडीच इतके रोजचे की ते हलले नाहीत. डॅनिशमध्ये बरोबर असंच झालं, फक्त ते एक पायरी पुढे गेलं: हाल्वआनेन टिकला, आणि अडीचला आता 'तो ओ एन हाल्व' म्हणतात, दोन आणि एक अर्धा. सुटा हाल्वत्रेद्ये बोलण्यातून गेला. म्हणून तर डॅनिश माणसाला स्वतःच्याच पन्नासचं पोट दिसत नाही, त्याच्याकडे तो आतला शब्दच उरला नाही. आणि आपण तो भाजीवाल्याकडे रोज वापरतो, अडीच किलो बटाटे, अडीचशे ग्रॅम मिरची.

ही मोजायची रीत आपल्याकडे किती जुनी आहे त्याचा पुरावा दगडावर आहे. अशोकाच्या लघु शिलालेखात, रूपनाथला आणि कर्नाटकात ब्रह्मगिरीला, तो म्हणतो की मला उपासक होऊन अडीच वर्षांहून जास्त झाली, आणि तिथला शब्द आहे 'अढातियानि', ब्रह्मगिरीचा पाठ. त्याच लेखात पुढे हे काम दीडपट वाढेल असं म्हणताना 'दियढिय' येतो. आणि तेराव्या शिलालेखात, जिथे कलिंगच्या युद्धाचं वर्णन आहे, तिथे दीड लाख माणसं पकडून नेली हे सांगताना पण 'दियढ' हाच शब्द आहे. म्हणजे इसवी सनाच्या आधी तिसऱ्या शतकात आपला दीड आणि अडीच जवळजवळ आजच्याच रूपाकडे निघालेले होते.

पण डॅनिशच्या सगळ्यात जवळ जातं ते पाली. दीघनिकाय या बौद्ध ग्रंथातल्या सामञ्ञफलसुत्ताच्या सुरुवातीला बुद्धासोबत १२५० भिक्खू होते असं सांगितलंय आणि शब्द आहेत 'अड्ढतेळसेहि भिक्खुसतेहि'. अड्ढतेळस म्हणजे अर्धा तेरावा, साडेबारा. सत म्हणजे शंभर. साडेबारा शेकडे, १२५०. आता हाल्वत्रेद्सिन्द्स्त्यूवे शेजारी ठेवून बघा: अर्धा + क्रमवाचक संख्या, आणि त्याला एका ठरलेल्या गटाने गुणायचं. तिकडे गट शंभरचा, इकडे वीसचा. सांगाडा तंतोतंत एक.

मग हे सगळं एकाच मूळ भाषेतून वारशाने आलं का? असं लगेच म्हणू नका. सुटे तुकडे नातेवाईक आहेत यात शंकाच नाही, त्रेद्ये आणि तृतीय एकाच मुळाचे, फ्येरदे आणि चतुर्थ एकाच मुळाचे, फेम म्हणजे पाच आणि आपला पंच पण तसेच. पण हाल्व आणि अर्ध यांचा काही संबंध नाही, ते वेगळे शब्द आहेत. आणि 'अर्धा तिसरा' ही कल्पना इतर ठिकाणीही खूप दिसते. रोमन लोकांचं 'सेस्टर्शियस' हे नाणं, त्याचं नाव 'सेमिस' आणि 'टर्शियस' जोडून झालंय, अर्धा तिसरा, कारण सुरुवातीला त्याची किंमत अडीच 'आस' (त्याहून लहान रोमन नाणं) होती. नंतर ती चार आस झाली तरी नाव अडीचचंच राहिलं. रशियन 'पोल्तोरा' म्हणजे दीड, तो 'अर्धा दुसरा' आहे. जर्मन 'आंडरठाल्ब' तसाच. आणि फिनिशमध्ये पण 'पुओलीतोइस्ता' म्हणजे अर्धा दुसरा, आणि फिनिश तर आपल्या भाषाकुळातलीच नाही. त्यामुळे माझं मत असं की हा विचार माणसं मोजत असताना ठिकठिकाणी सुचतो आणि शेजाऱ्याकडून शेजाऱ्याकडे जातोही. धान्याचं तिसरं माप अर्धं भरलंय, तर तुम्ही त्या चालू मापाकडेच बघत असता.

डॅनिशपुरतं बघायचं तर हा शब्द दोन वेगवेगळ्या सवयी एकत्र येऊन झालाय. पहिली सवय अर्ध्याची, ती नॉर्डिक भाषांत जुनीच आहे. आइसलँडिकमध्ये आजही पंचवीस वर्षांच्या माणसाला 'हाल्फथ्रीतुगुर' म्हणतात, शब्दशः अर्धा-तिसरा-दहा, म्हणजे अडीच दशकं. पस्तीसच्या माणसाला अर्धा-चौथा-दहा. इथे गट दहाचा आहे, विसाचा नाही. दुसरी सवय विसावर मोजायची, ती डॅनिशमध्ये मध्ययुगात आली. त्याआधी डॅनिशमध्येही पन्नास म्हणजे पाच दहा असंच होतं, स्वीडिशमध्ये आजही 'फेमतियो' आणि नॉर्वेजियनमध्ये 'फेमती' आहे तसं. मग विसाचा गट आला आणि त्याला जुनी अर्ध्याची युक्ती लागली, नाहीतर पन्नासला 'दोन विसा आणि दहा' म्हणावं लागलं असतं. फ्रेंचांनी तसंच केलंय, नव्वदला ते 'चार वीस दहा' म्हणतात. डॅनिशने भर घालण्याऐवजी अर्ध्या विसाचा तुकडा वापरला आणि युरोपात हे जवळपास कुणीच केलेलं नाही. फेरो बेटांवरच्या भाषेत हेच शब्द दिसतात, पण ते डॅनिशमधूनच गेलेत.

विसाचा गट आलाच कुठून यावर लोक फ्रेंचकडे बोट दाखवतात, कुणी केल्टिककडे. मला बाजाराचं कारण जास्त पटतं. डॅनिशमध्ये वीस नगांना 'स्नेस' म्हणतात, साठला 'स्कोक', आणि ऐंशीला 'ओल', हेरिंग मासे ओलवर मोजले जायचे. बघा, २०, ६०, ८०, सगळे विसाचे पाढे. आणि डेन्मार्क-स्वीडनमधल्या ओरेसुंदच्या सामुद्रधुनीतला हेरिंगचा व्यापार मध्ययुगात केवढा मोठा होता ते लक्षात घेतलं तर जे लोक दिवसभर मासे विसाविसाने मोजतायत त्यांच्या तोंडी साठ हा 'तीन विसा' होणं अगदी साहजिक आहे. स्नेस या शब्दाचा मूळ अर्थ काडी, डहाळी, वीस नग ओवलेली काडी. आजही डॅनिश माणूस 'दहाएक लोक' म्हणायला 'एन हाल्व स्नेस' म्हणतो, अर्धी स्नेस. आपल्याकडची कोडी म्हणजे हीच की, वीस नग. आणि 'चार विसा', 'पाच विसा शंभर' असं मोजणारी जुनी माणसं तुमच्यापैकी काहींनी ऐकली असतील. त्यांना अडीच विसा सांगितले असते तर एका क्षणात पन्नास कळले असते.

मग तीस आणि चाळीस यात का नाहीत? ते जुन्या दहाच्या हिशोबातच राहिले. 'त्रेदिवे' म्हणजे तीन दहा. आणि 'फिर्रे' म्हणजे चाळीस, ज्याचं पूर्ण रूप 'फिर्रेत्यूवे', इथे एक मोठा खड्डा आहे. दिसायला चार-वीस दिसतो, म्हणजे ऐंशी वाटतो, पण हा त्यूवे वीस नाहीच, तो 'दहा' च्या जुन्या अनेकवचनाचा झिजलेला अवशेष आहे जो शेवटी विसाच्या शब्दासारखा दिसायला लागला. चार दहा, चाळीस. त्यामुळे फोड करताना नुसत्या दिसण्यावर जाऊ नका, जुनं रूप बघा. डॅनिश वाचता यायला लागलं की 'ओर्दबोग ओव्हर देत दान्स्के स्प्रोग' हा २८ खंडांचा कोश ऑनलाइन फुकट आहे, त्यात हे सगळे जुने दाखले मिळतात, आणि मी तर म्हणेन शब्दांचा नाद असेल त्याने तो उघडून बसावंच.

आता वापराचं. घड्याळात 'हाल्व त्रे' ऐकलं की इंग्रजीच्या सवयीने बरेच जण साडेतीन समजतात आणि तासभर उशिरा पोचतात. हाल्व त्रे म्हणजे अडीच. तिसरा तास अर्धा झालाय. तुम्ही इंग्रजी मध्ये आणू नका, सरळ मराठीत ऐका. 'हाल्व एत' म्हणजे मात्र साडेबारा, एक वाजायला निघालाय आणि अर्धा झालाय.

दुसरं, एकक आधी येतं. सत्तावन्न म्हणजे 'स्यूव ओ हाल्वत्रेद्स', सात आणि पन्नास. इंग्रजी किंवा स्वीडिश बोलणाऱ्यांना हे उलटं वाटतं, आपल्याला वाटायचं कारण नाही, सत्तावन्न मध्ये पण सात आधीच आहेत आणि पंचाहत्तरमध्ये पाच आधी आहेत. नॉर्वेने १९५१ मध्ये सरकारी निर्णयाने हा क्रम बदलून दहाचा आकडा पुढे घेतला. डेन्मार्कने तसं केलं नाही. इथले फोन नंबर आठ आकडी असतात आणि दोन-दोनच्या जोड्या करून सांगतात, त्यामुळे सुरुवातीला समोरचा बोलत असताना जोडीतला पहिला ऐकलेला आकडा उजव्या बाजूला लिहायचा, मग डावा भरायचा. मी मराठीत नंबर लिहून घेताना काय करता तेच करायला सांगते, आणि आपली मुलं इतरांपेक्षा लवकर सुधारतात.

काही जण विचारतात की 'फेमती', 'सेक्सती' असे सोपे दहावाले शब्द डॅनिशमध्येही आहेत, तेच वापरले तर? आहेत, बँकेच्या चेकवर लिहायला चालायचे, पन्नास क्रोनरच्या जुन्या नोटेवरही 'फेमती क्रोनर' छापलेलं असायचं. पण बोलताना कुणी म्हणत नाही. त्या नोटेला लोक 'हाल्वत्रेद्सर' च म्हणतात, आणि १९५० च्या दशकाला 'हाल्वत्रेद्सर्ने', तेव्हा दुकानात तुम्ही फेमती म्हणालात तर समजेल, पण समोरून परत येणारा आकडा हाल्वत्रेद्सच असणार आहे. म्हणून पहिल्या आठवड्यापासून हाच पाठ करा, आणि पाठ करताना पाच शब्द सुटे घोकू नका, मनात अडीच, तीन, साडेतीन, चार, साडेचार म्हणत तोंडाने डॅनिश म्हणा. हाल्वत्रेद्स आणि हाल्वफ्येर्द्स यांची गल्लत सगळ्यात जास्त होते, ५० आणि ७०, तिथे फक्त एवढं धरून ठेवायचं की फ्येर मध्ये चार आहे, चौथा अर्धा, म्हणून साडेतीन, म्हणून सत्तर.